आजोबांचा लिलाव

घराला रंग द्यायचा असेल तर भिंतीवरच्या वस्तू आधी उतरवून घ्याव्यात, हे शहाणपण मला सांगणारी माणसं आमच्या कॉलनीत पुष्कळ होती. पण ती सगळी आजोबांची तसबीर खाली पडल्यावर आली.

कडूबा पेंटरच्या शिडीचा पाय सरकला, शिडी भिंतीला घासली आणि तसबीर फरशीवर. काच फुटली. कडूबानं आधी कान धरले, मग तसबिरीला हात जोडले आणि मग मला म्हणाला, "साहेब, भिंतीत दम नव्हता." चूक भिंतीची ठरल्यामुळे भांडायला कुणी उरलंच नाही.

ही तसबीर म्हणजे माझ्या आजोबांची, धोंडिबा खरातांची. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीत गेले आणि आसामच्या बाजूला रस्ता बांधण्याच्या कामावर असताना तापानं वारले. माझे वडील तेव्हा अंगावर पीत होते. लढाई संपल्यावर आजोबांची लोखंडी पेटी गावी, देवगाव रंगारीला आली आणि त्या पेटीत हा फोटो निघाला. वडिलांनी नोकरी लागल्यावर पहिल्या पगारातून त्याला फ्रेम केली. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली ती टांगली. फोटो काडेपेटीहून थोडा मोठा, फ्रेम मात्र जेवणाच्या ताटाएवढी. टोपी, गळ्यापर्यंत लावलेली बटणं, रोखलेली नजर. उदबत्तीच्या धुरानं चेहरा खरपूस झालेला. वडील रोज सकाळी त्यांच्याशी दोन शब्द बोलत, आणि मी शाळेत नापास झालो की त्यांच्यासमोर मला उभं करत. "ह्या माणसानं कधी तंबाखूला हात लावला नाही, कधी खोटं बोलला नाही, आणि तू?" असं विचारत. माझं नाक आजोबांवर गेलंय असं घरात सगळे म्हणायचे. नाकाचा मला लहानपणी त्रास झाला, पण आजोबांचं आहे म्हणून मी ते सहन केलं.

तसबीर घेऊन मी पैठण गेटजवळ मोईनभाईंच्या दुकानात गेलो. मोईनभाई फ्रेमा करतात आणि बोलतात. त्यातलं दुसरं काम जास्त करतात. त्यांनी मागचे खिळे काढले, पुठ्ठा उचकटला, फोटोभोवतीची जाड कागदाची चौकट अलगद सोडवली आणि एकाएकी गप्प झाले. हे अघटितच होतं.

"साब," ते म्हणाले, "ये फोटू नै है. छापेल कार्ड है."

चौकटीखाली इतकी वर्षं झाकलेली एक ओळ उघडी पडली होती. इंग्रजीत नाव होतं, हॅनिगन. मोईनभाईंनी पाठीला चिकटवलेला कागद सोडवून कार्ड उलटं केलं. मागं तंबाखूची जाहिरात.

"हे कोण?" मी विचारलं.

"तुमारे दादा. तुमीच बोले ना अब्बी."

ज्यांच्या निर्व्यसनीपणावर माझं बालपण पोसलं गेलं, त्यांच्या पाठीवर तंबाखूची जाहिरात होती. मोईनभाईंनी भिंगातून कार्डाकडे पाहिलं, मग भिंगातून माझ्याकडे पाहिलं आणि समजूत काढली, "नाक तो मिलताय लेकिन."

घरी आल्यावर मी पुण्याला तनुजाला, म्हणजे आमच्या मुलीला, दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले. तासाभरात तिचा फोन आला. आवाज वेगळाच होता.

"पप्पा, ते बेसबॉलचं कार्ड आहे. अमेरिकेत पूर्वी तंबाखूच्या पाकिटात खेळाडूंची अशी चित्रं घालायचे. शंभर वर्षांच्या वरचं दिसतंय. आणि पप्पा, आत्ता बसलायत ना?"

"का?"

"ह्या हॅनिगनचं एक कार्ड मागं लिलावात अडतीस लाखांना गेलंय."

मी बसलो. जिथं बसलो तिथं स्टूल नव्हतं, कडूबाचा हस्तिदंती रंगाचा उघडा डबा होता. ती पँट पुढं कडूबालाच द्यावी लागली.

संध्यानं, माझ्या बायकोनं, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ती गणित शिकवते. आकडा ऐकून ती हुरळत नाही, आधी उदाहरण नीट वाचते.

"म्हणजे बाबांनी जन्मभर ज्याला हार घातला, त्याला विकायचं?"

"अगं, पण ते आजोबा नाहीतच ना! तो हॅनिगन आहे."

"बरं. मग आजोबा कुठायत?"

घरात आजोबांचा दुसरा फोटो नव्हता. अडतीस लाख एका बाजूला आणि बिनचेहऱ्याचे आजोबा दुसऱ्या बाजूला, अशा पेचात मी असताना दार वाजलं आणि अनंतराव आत आले.

अनंतराव आमच्या शेजारचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ल्याचे सगळे दरवाजे उघडले आहेत. ते खरं तर कडूबा पुट्टी पातळ लावतोय हे सांगायला आले होते. पण टेबलावरचं कार्ड, माझी हस्तिदंती पँट आणि संध्याचा चेहरा पाहून त्यांनी सगळी हकीकत काढून घेतली.

"अभयराव, एकच सांगतो," ते आवाज खाली आणून म्हणाले, "ही गोष्ट ह्या भिंतींच्या बाहेर जाता कामा नये."

संध्याकाळी दूध आणायला गेलो तर डेअरीवाल्यानं विचारलं, "खरात साहेब, आजोबा कितीला देणार?"

त्यानंतर आमच्या घरी रीघ लागली. कुणी म्हणे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा, कुणी म्हणे तांदळात ठेवा, ओल लागत नाही. दमयंतीकाकूंनी, म्हणजे अनंतरावांच्या मंडळींनी, माझ्या नाकाचं आणि कार्डाचं बराच वेळ निरीक्षण केलं आणि "अमेरिकेत काही नातं निघतं का बघा की," असं सुचवलं. माझ्या कुळाबद्दल इतक्या मोकळेपणानं शंका आजवर कुणी घेतली नव्हती. मी चहा न विचारता तिचा निषेध केला. चहा संध्यानं विचारला.

तनुजानं अमेरिकेतल्या एका लिलाव कंपनीला पत्र टाकलं. त्यांचं उत्तर मोठं सभ्य होतं. हॅनिगन आडनावाचे दोन भाऊ होते, त्यांनी कळवलं. थोरला पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. त्याचं कार्ड दुर्मिळ. धाकटा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागं बसून चेंडू झेलणारा. त्याची कार्डं पोत्यानं पडली आहेत. कार्डावर नुसतं आडनाव असतं, तेव्हा चेहऱ्यावरून ओळख पटवावी लागेल. तुमचं काय मत आहे?

मत! आमच्या कॉलनीला मत विचारणारं पत्र अमेरिकेतून यावं? अनंतरावांनी तालुका पातळीवर क्रिकेटची पंचगिरी केलेली. ते म्हणाले, "पिचर. शंकाच नको. ही गोलंदाजाची नजर आहे." पण चितेगावच्या एका शाळेत सॉफ्टबॉल शिकवणारे सोमनाथ सर आमच्या मागच्या गल्लीत राहतात. बेसबॉलशी लांबचं का होईना नातं असलेला कॉलनीतला हा एकच माणूस. त्यांनी कार्ड उजेडात धरलं.

"कॅचर," ते म्हणाले.

"कशावरून?"

"मान बघा ना. तासन्तास उकिडवं बसून मान अशी खांद्यात जाते."

"मानेवरून ठरवायचं तर आमच्या खात्यात सगळे कॅचरच होते," अनंतराव कडाडले.

कॉलनीत दोन तट पडले. पिचरवाले माझ्याशी आदरानं बोलत, कॅचरवाले सहानुभूतीनं. रविवारी सोमनाथ सरांनी अनंतरावांना अंगणात प्रत्यक्ष उकिडवं बसवून दाखवलं. उठवायला तिघं लागले. त्यानंतर अनंतराव चार दिवस मान खांद्यात घालून हिंडत होते, पण मत बदललं नाही.

कंपनीनं शेवटी कळवलं, कार्डच पाठवा, आमचे तज्ज्ञ पाहतील. मी पोस्टात गेलो.

"आत काय?" खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"कार्ड."

"लग्नाचं?"

"नाही. जुनं. म्हणजे खेळाचं."

"पत्ते?"

"एकच."

"बाकीचे एक्कावन्न कुठायत?"

मी बेसबॉलचा इतिहास सांगायला घेतला. मागं रांग होती, तीही ऐकत होती. बाईंनी सगळं ऐकून किंमत विचारली. मी खिडकीत तोंड घालून आकडा कुजबुजलो. त्यांनी तो खात्रीसाठी मोठ्यानं उच्चारला. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "येवढ्या पैशात माणूस सोता जाऊन देऊन यील की बाबा!"

शंभर वर्षांपूर्वीची वस्तू असेल तर ती पुरावस्तू नाही असा दाखला लागतो, असं बाईंनी सांगितलं. अजिंठा-वेरूळच्या कृपेनं आमच्या शहरात जुन्या वस्तूंची जाण असणारी माणसं पुष्कळ. त्यातल्या एका कार्यालयात मला पाठवण्यात आलं. साहेब मृदू होते.

"वस्तू किती जुनी?"

"शंभराच्या वर," मी अभिमानानं म्हणालो.

"मग देशाबाहेर नेता येणार नाही."

"म्हणजे, शंभराच्या आतच असेल."

"तसा पुरावा?"

पुरावा नव्हता. तिकडं अमेरिकेला पटवायचं की वस्तू जुनी आहे, इकडं ह्यांना पटवायचं की नवीच आहे. एकाच तोंडानं दोन्ही कसं करावं ह्या विचारात असताना साहेबांनी कार्ड हातात घेतलं.

"हे कोण?"

"आजोबा," मी म्हणालो. चाळीस वर्षांची सवय.

साहेबांनी खालचं नाव वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुमचे आजोबा अमेरिकेत बेसबॉल खेळायचे?"

"नाही. ते देवगाव रंगारीचे."

साहेबांनी हळूच घंटी वाजवली आणि माझ्यासाठी पाणी मागवलं.

मी कार्ड खिशात घालून घरी आलो. शेवटी तनुजानं मोईनभाईंच्या भिंगाखाली कार्डाचे बारीकबारीक फोटो काढून पाठवायचं ठरवलं. त्यासाठी ती शुक्रवारी पुण्याहून आली आणि संध्याकाळीच फोटो गेले. आणि दुसऱ्या दिवशी, कुणालाही न कळवता, देवगाव रंगारीहून गीताबाई आत्या आली.

गीताआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नव्वदीला टेकलेली, पण एसटीत खिडकीची जागा भांडून मिळवणारी. तिला ह्यातलं काही माहीत नव्हतं आणि कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिच्या बापाला मी लिलावात काढलंय हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून मी मोईनभाईंकडून कार्डाची रंगीत झेरॉक्स मारून, नाव झाकून, ती ताटाएवढ्या फ्रेमेत बसवून नव्या रंगाच्या भिंतीवर आधीच टांगून ठेवली होती.

आत्यानं पिशवी ठेवली, भिंतीकडे पाहिलं, डोळे बारीक केले.

"अभ्या, फोटू धुतला व्हय रं? लई गोरा झालाय."

"नवी काच, आत्या."

"आसंल," ती म्हणाली आणि भाकरी खायला बसली. मी सुटकेचा श्वास सोडला. तो पूर्ण सुटायच्या आत अनंतराव आले.

"आजी, नमस्कार! भाग्यवान आहात. तुमचे वडील अडतीस लाखांचे निघाले!"

आत्याचा घास हातातच राहिला. संध्यानं माझ्याकडे पाहिलं. मी कडूबाकडे पाहिलं. कडूबा भिंतीकडे तोंड करून मन लावून रंग मारू लागला, आणि तिथं तर आदल्या दिवशीच दुसरा हात मारून झाला होता.

सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी अडखळत सगळं सांगितलं. शिडी, मोईनभाई, हॅनिगन, दोन भाऊ. आत्या ऐकत होती. रडेल, शिव्या घालेल, पिशवी उचलून परत जाईल, मी सगळ्याची तयारी केली होती. तेवढ्यात तनुजाचा फोन वाजला. अमेरिकेचं उत्तर आलं होतं. सोमनाथ सरही बोलावल्यासारखे दारात हजर झाले. तनुजानं वाचून मराठीत सांगितलं.

कार्ड अस्सल होतं. मागच्या जाहिरातीच्या छपाईवरून नावही थोरल्या हॅनिगनचं, पिचरचं ठरलं. अनंतरावांनी मूठ उंचावली. पण चेहरा हॅनिगनचा नव्हता. धाकट्याचाही नव्हता. छापखान्यात गफलत होऊन भलत्याच माणसाचं चित्र त्या नावावर छापलं गेलं होतं. अशी मोजकीच कार्डं बाहेर पडली आणि तो माणूस कोण ह्यावर तिकडच्या जाणकारांचा वर्षानुवर्षं वाद चालू आहे. कुणालाही माहीत नाही. ओळख पटली असती तर ही मोठी बातमी ठरली असती.

"आणि किंमत?" अनंतरावांनी विचारलं.

तनुजानं खालची ओळ वाचली. "कार्ड कागदाच्या चौकटीत बसावं म्हणून कुणीतरी चारी कडा कात्रीनं कापल्यात. मागं खळ लावलीय. म्हणतात, अशा अवस्थेत फ्रेमेचा खर्च निघाला तरी खूप."

ती कात्री कुणी चालवली ते मला माहीत होतं. पहिल्या पगाराच्या आनंदात वडिलांनी घरीच चालवली असणार. खालचं इंग्रजी नाव त्यांना फोटो काढणाऱ्याचं वाटलं असावं. खोलीत सगळे अडतीस लाखांना मूठमाती देत उभे राहिले. सगळ्यात जास्त दुःख अनंतरावांना झालेलं दिसलं. त्यांचं त्यात काही नव्हतं, म्हणून त्यांना मनापासून दुःख करता आलं.

"काय म्हन्तो त्यो अमेरिकेवाला?" आत्यानं विचारलं.

"फोटोतला माणूस कोण ते त्यांना माहीत नाही, आत्या."

"मला म्हाईत हाय की."

सगळे तिच्याकडे वळले. तिनं घास तोंडात टाकला, चावला, पाणी प्याली. नव्वदीच्या माणसाला घाई नसते.

"माजा बाप नाय त्यो. मला बाप चांगला याद हाय. पिळदार मिशा, डाव्या भिवईवर बैलाच्या शिंगाची खोक. ह्या फोटूत कुठंय खोक?"

"तुला माहीत होतं? मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? पेटी आली तव्हा तुजा बाप बोबडं बोलत व्हता. त्यानं फोटू घेतला अन् 'माजा बा, माजा बा' करत सगळ्या गल्लीत पळत सुटला. बापाचं तोंड पायलेलं नाय लेकरानं. त्याच्या हातातून काढून घिऊ व्हय? मायनं माज्याकडं पायलं, म्या मायकडं पायलं. झालं. पुढं त्यो मोठा झाला, सायेब झाला, फोटूसंगं बोलाया लागला. मंग तर अजूनच सांगवंना."

वडील जाऊन सहा-सात वर्षं झाली. पेटी आल्या दिवसापासून ह्या बाईनं भावाचा बाप जपला होता.

"आजी," सोमनाथ सर हळूच म्हणाले, "मग हा कोण?"

"बापाच्या पलटणीतला पुंडलिक पेटी घिऊन आल्ता, त्यानं सांगितलं. तिकडं रस्त्यावर एक अमेरिकेचा गोरा शिपाई व्हता, बापाचा मैतर. येकाची भाषा येकाला कळंना, पर सांजच्याला बिड्या मातर संगंच वढायचे. त्या गोऱ्याची बदली झाली तव्हा दोघांनी फोटू बदलले. बापाजवळ सोताचा येकच व्हता, त्यो त्यानं देला. गोऱ्यानं ह्यो देला अन् पलटणीच्या सायबाकरवी सांगितलं, ह्यो माजा बाप, लई मोठा खेळाडू व्हता, पर छापणाऱ्यानं नाव चुकवलं."

तनुजाचा हात तोंडावर गेला. अनंतराव खुर्चीवरून अर्धे उठले. "आजी! नाव! गोऱ्याचं नाव काय सांगितलं पुंडलिकनं?"

आत्यानं डोळे मिटले. कडूबाच्या कुंचल्यातून फरशीवर रंग टपकला, पण संध्यानंही त्याला काही म्हटलं नाही.

"सांगितलं व्हतं," आत्या म्हणाली. "चांगलं नाव व्हतं."

"आणि?"

"आता नाय याद. त्यात 'ब' व्हता कुठंतरी."

अनंतराव खाली बसले. त्यांनी लगेच बिल, बॉब, बेन, बर्नार्ड अशी नावं सुचवायला सुरुवात केली. आत्या प्रत्येकाला "आसंल" म्हणत गेली. बाळासाहेबलाही ती "आसंल" म्हणाली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

"आत्या," मी विचारलं, "आता ह्याचं काय करू? तू सांग."

"करायचं काय? खरा लाव जाग्यावर. ती झेराक्स काढ."

"पण आपला कुणीच नाही ना तो."

"बापाच्या मैतराचा बाप हाय. येवढ्या लांबून आल्याला पाव्हणा, त्याला भिंतीवरनं कोण उतरवतं?"

मोईनभाईंनी कार्ड पुन्हा फ्रेमेत बसवून दिलं. ह्या वेळी नाव न झाकता, जरी ते चुकीचं असलं तरी. कडूबानं भिंतीत नवा खिळा ठोकला आणि भिंतीत दम आहे असं प्रमाणपत्र दिलं. आत्यानं फुलं वाहिली. मी फ्रेम सरळ करत असताना माझ्या मनात आलं की आजोबांचा एकुलता एक फोटो हरवलेला नाही. दिलेला आहे.

मी तनुजाला कंपनीला उत्तर लिहायला सांगितलं. अनंतरावांनी इंग्रजीसाठी मदत देऊ केली, ती आम्ही नम्रपणे नाकारली. मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली:

"महोदय, कार्ड विकायचं नाही. आमच्या भिंतीवर तुमचा एक माणूस आहे. त्याचं नाव आम्हाला माहीत नाही, पण त्याला कशाची कमी पडू देणार नाही. तुमच्याकडे कुणाच्या तरी भिंतीवर नाहीतर पेटीत आमचा एक माणूस असावा. पलटणीचे कपडे, पिळदार मिशा, डाव्या भुवईवर खोक. तो कोण म्हणून तुमच्यात वाद चालू असेल, तर कळवावं. त्याचं नाव धोंडिबा खरात."